हेड आलं का?

तेलुगू मुलखाला लागलेल्या आमच्या मुधोळच्या बसस्टँडकडून बाजाराकडं वळलं की पिठाच्या गिरणीला लागून माझं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा, भिंतभर पोट उघडून पडलेले रेडिओ आणि मधे मी. बाहेर एक काळा फळा टांगलेला असायचा. माझे थोरले बंधू शाळेत मास्तर होते. कडेला तडा गेला म्हणून शाळेनं टाकून दिलेला फळा त्यांनी मला आणून दिला. हेतू एवढाच, की कोणाचा रेडिओ दुरुस्त झाला ते मी त्यावर लिहावं, आणि गिऱ्हाइकांनी आत येऊन माझं डोकं खाऊ नये.

तसं काही झालं नाही. लोक फळा वाचायचे आणि तरी आत यायचे. "भाऊ, फळ्यावर माझं नाव नाही, काऊन?" आता नाव नाही म्हणजे काम झालं नाही, हेच सांगायला तर फळा होता. एक दिवस चिडून मी सगळी नावं पुसली आणि लिहिलं, "रेडिओ उन्हात ठेवू नका. तो पापड नाही." संध्याकाळी पाहतो तर खाली कोणीतरी खडूनं लिहून गेलेलं, "घरात जागा कुठं आहे?" मला त्या माणसाचं म्हणणं पटलं. दुसऱ्या दिवशी मी त्याला उत्तर लिहिलं, आणि तिथून जी सवय लागली ती दुकान बंद होईपर्यंत सुटली नाही.

रोज सकाळी दुकान उघडलं की आधी फळा. कधी व्होल्टेजवर लिहायचो, कधी गिऱ्हाइकांच्या बापजाद्यांवर. "टीव्हीला थापड मारून चित्र येत असेल तर थापड मारा, पण मग माझ्याकडं आणू नका." "सेल संपले की रेडिओ बिघडला म्हणू नये." कधी वाचलेलं काही, कधी मनात आलेलं. शेजारच्या कचेरीतला तेलुगू कारकून जाता-जाता विचारायचा, "एम रासिनव् इय्याळ?" आज काय लिहिलंस म्हणून. मी अर्थ सांगायचो, तो हसायचा आणि कचेरीत जाऊन तेलुगूत सांगायचा. खडूचा एक तुकडा मी मुद्दाम दोरीनं बांधून ठेवला होता, ज्याला उत्तर द्यायचं त्यानं खाली द्यावं. लोक द्यायचे. भांडायचेसुद्धा.

माझा भाचा हल्ली हैदराबादला कंप्युटरवर काम करतो. तो म्हणतो, मामा, तुमी ब्लॉग चालवून राह्यले होते. मी विचारलं, ते काय असतं? म्हणाला, रोज मनातलं लिहायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचायचं, ज्याला वाटेल त्यानं खाली उत्तर द्यायचं. म्हटलं, म्हणजे फळाच की. "पण मामा, त्यात पुसावं लागत नाही." मी मात्र रोज पुसायचो. फळा एकच होता, न पुसता करणार काय? इतक्या वर्षांत लिहिलेल्यातलं आज एक अक्षर कुठं नाही. त्याचं मला एरवी दुःख नाही. फक्त एका बाईच्या अक्षराची आठवण येते, आणि ती सांगायलाच बसलो आहे.

आमच्या भागातली पोरं तेव्हा दुबईला जायला लागली होती. मस्कत असो की कुवेत, गावात सगळं दुबईच. कोणी गवंडीकाम करायचं, कोणी तिथल्या बागांना पाणी द्यायचं. पहिल्या सुट्टीला आले की हातात टेपरेकॉर्डर. ज्या घरात कंदिलाची काच फुटली तर महिनाभर तशीच राहायची, त्या घरात देवळीत टेप दिसायला लागला. पत्र लिहायचं तर कोणाकडून लिहून घ्यायचं, आलेलं कोणाकडून वाचून घ्यायचं, आणि नवऱ्याला कळवायचं ते मास्तरला सांगायचं म्हणजे निम्मं पोटातच राहायचं. त्यापेक्षा कॅसेट बरी. दार लावून बोलावं आणि गावाकडं निघालेल्या माणसाच्या हाती द्यावी. परत जाणाऱ्या माणसाच्या हाती इकडून पाठवावी.

माझं रेडिओचं काम त्या दिवसांत मागं पडलं. टेपच टेप. पट्टा सैल झाला की बोलणाऱ्याचा आवाज रेड्यासारखा निघायचा. रबरी रोलर कडक झाला की तो फीत खायचा. बाया रडकुंडीला येऊन फितीचा गुंता पदरात बांधून आणायच्या. तो गुंता सोडवणं हे रेशमाचं काम. पेन्सिल घालून, हळूहळू, घामेजला हात लागू न देता. मला त्याचा कंटाळा यायचा आणि अभिमानही वाटायचा, दोन्ही खरं.

चंद्रकला याच काळात दुकानात आली. मुधोळपासून चालत यायच्या अंतरावर तिचं खेडं. नवरा मारोती मस्कतला, कसल्याशा बांधकामावर. घरी ती, सासू आणि छाया नावाची लेक. मारोती तिकडं गेला तेव्हा लेक रांगतही नव्हती. चंद्रकला चौथी शिकलेली, म्हणजे तिच्या घरात सगळ्यांत शिकलेली. टेप टेबलावर ठेवून म्हणाली, "भाऊ, ह्याच्यात दोन आवाज येते."

"कसे दोन?"

"मी बोललेलं भरते न, तं माझ्या मागून छायाचे बाबाच बोलून राह्यले असं ऐकू येते. तिकडून त्यायनं सांगून पाठवलं, तुझ्या बोलण्यात मीच बडबड करून राह्यलो म्हने, तुझं काही समजत नाही."

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. टेपमध्ये दोन हेड असतात. फीत आधी पहिल्या हेडला घासून जाते, ते जुना आवाज पुसतं. मग दुसऱ्या हेडवर येते, तिथं नवा आवाज उमटतो. म्हणजे आधी फळा पुसणारा आणि मागोमाग लिहिणारा. तिच्या टेपमधला पुसणारा आळशी झाला होता. झिजून फितीपासून जरा दूर सरकला होता. त्यामुळं जुना आवाज पूर्ण जात नव्हता, नव्याच्या खाली पडून राहायचा. हेड बदलणं एवढाच उपाय. पण तो टेप परदेशी, त्याचं हेड इथं मिळेना. मी हैदराबादच्या व्यापाऱ्याला कळवलं. त्यानं बऱ्याच दिवसांनी पाठवलं ते दुसऱ्याच टेपचं. परत पाठवलं. मग तो गप्पच बसला. तोवर चंद्रकला टेप तसाच घरी नेऊन वापरत राहिली.

चंद्रकला दर बाजाराला यायची. आधी आत येऊन विचारायची. मी एकदा खेकसलो असेन, कारण पुढं ती आत येईनाशी झाली. बाहेरच्या बाहेर फळ्यावर लिहायची. माझा काहीतरी मोठा विचार वर लिहिलेला असायचा, चांगला नटवून, आणि खाली शिकाऊ हाताच्या मोठ्या अक्षरांत, "हेड आलं का?" पुढच्या बाजाराला पुन्हा, "हेड आलं का?" लोक हसायचे. कचेरीतल्या तेलुगू कारकुनालाही ते तीन शब्द पाठ झाले, मला पाहिलं की तोही विचारायचा, "हेड आलं का?" मी वैतागून खाली "नाही" लिहून ठेवायचो. माझ्या फळ्याला एवढी नेमाची वाचक दुसरी नव्हती, पण तेव्हा मला ती डोकेदुखी वाटायची.

तिच्या घरी कॅसेट एकच होती. तशी बहुतेक घरी एकच असायची. मारोतीनं पहिल्या वेळी टेपसोबत पाठवलेली, चांगल्या जातीची. तो तिकडून बोलून पाठवायचा, ही घरी ऐकायची, पुन्हा ऐकायची, मग त्याच कॅसेटवर आपलं बोलणं भरून परत पाठवायची. तो ते ऐकून त्यावर भरायचा. मी एकदा विचारलं होतं, दुसरी कोरी कॅसेट काऊन पाठवत नाही? तर तिची सासू सोबत होती, तिनं मलाच वेड्यात काढलं. "त्यानं भरून पाठवली, ते ठेवून घ्यावं आन दुसरंच काही द्यावं? शेजारणीची वाटी कोनी ठेवून घेते का? तिचीच वाटी, आपलं काही घालून परत कराची."

मला यात वावगं काही दिसलं नाही. आमच्याही घरी कोणाची वाटी रिकामी परत जात नसे. साखरेचे चार दाणे का होईना, घालून द्यायची रीत. आमच्या भागातल्या बायांनी त्या रीतीत कॅसेट बसवली होती, आणि गावोगाव तेच चाललं होतं. नवऱ्याचा आवाज पुसून त्यावर आपला, तिचा पुसून त्यावर त्याचा. जिवंत माणसाचा आवाज जपून ठेवावा असं कोणाच्या मनातही येत नव्हतं. तो पुन्हा बोलणारच होता.

एका बाजाराला फळ्यावर प्रश्न नव्हता. पुढच्या बाजारालाही नव्हता. मला आधी बरं वाटलं. मग चुकल्यासारखं वाटायला लागलं. तिच्या गावचा माणूस गिरणीवर दळण घेऊन आला होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, मारोती गेला. कामावरच छातीत कळ आली आणि बसल्या जागी गेला. मातीही तिकडंच झाली. इथं कोणाला तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही.

त्या दिवशी मी फळ्यावर काही लिहिलं नाही.

बऱ्याच दिवसांनी ती आली, लेकीला हाताशी धरून. मारोतीच्या सोबत्यानं त्याची पिशवी आणून दिली होती. दोन सदरे, एक बॅटरी आणि ती कॅसेट. तिनं कॅसेट टेबलावर ठेवली.

"ह्याच्यात त्याईचा आवाज पाहून द्या भाऊ."

मी लावली. आवाज चंद्रकलाचा. तिनं शेवटचं जे भरून पाठवलं होतं ते. सगळे बरे आहेत, म्हातारीचं गुडघं दुखते, छाया लय बोलाले लागली. त्याला ती मिळाली होती. त्यावर आपलं बोलणं भरायच्या आतच तो गेला.

"लेक म्हनते, बाबा लाव," चंद्रकला म्हणाली. "तिले बाप म्हंजे हा डबाच माहीत. मी लावते तं माझाच आवाज येते. तिनं मले विचारलं, बाबा काऊन बोलून नाही राह्यला. मी काय सांगू तिले?"

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते आधीच संपलं असावं. मी तिला समजावून सांगायला लागलो, की भरलं की जुनं पुसलं जातं, पुसलेलं परत येत नाही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पन माझ्या टेपचं तं हेड खराब होतं न. तुमी बदललंच नाही."

खरं सांगतो, मला ते सुचलं नव्हतं. पुसणारं हेड आळशी, म्हणजे तिच्या बोलण्याखाली मारोतीचं आधीचं बोलणं उरलेलं असणार. इतके दिवस त्या हेडसाठी मी शिव्या खाल्ल्या, त्या व्यापाऱ्याला मी शिव्या घातल्या, आणि आता तेच हेड खराब असण्यावर सगळी भिस्त होती. मी म्हटलं, ताई, बघतो. मिळेल असं सांगत नाही. फीत जुनी आहे, जितक्या वेळा फिरवू तितकी घासणार. एखाद्या वेळी तुटली तर तुमचंही बोलणं जाईल. ती म्हणाली, माझं गेलं तरी चालते.

बाजार नसलेल्या दिवशी दुपारी तिला बोलावलं. माझ्याकडचा त्यातल्या त्यात चांगला टेप मी स्पिरिटनं पुसून ठेवला होता. कॅसेटचा डबा उघडून फीत नव्या डब्यात बसवली. एक तार काढून दुसऱ्या टेपला जोडली, म्हणजे जे निघेल ते तिकडं उतरत जाईल. कानाला हेडफोन लावला. आणि ऐकू आली ती शेजारची गिरणी. गिरणी चालू असली की तिच्या मोटरची घरघर तारेतून माझ्या टेपमध्ये उतरायची, आणि पट्ट्यावर भार आला की व्होल्टेज पडून फीत मंद व्हायची. या गोष्टीवरून गिरणीवाल्या रहीमभाईशी माझं वर्षानुवर्षं भांडण. मी त्याच्यावर फळ्यावर लिहिलेलंसुद्धा होतं.

मी बाहेर जाऊन त्याला काय आहे ते सांगितलं. त्यानं हात वर करून खटका पाडला. गिरणी घुमत-घुमत थांबली. ज्वारीचे डबे घेऊन बाया रांगेत बसलेल्या होत्या. त्यांना रहीमभाईनं हलक्या आवाजात काही सांगितलं, आणि त्या बाया, ज्यांच्या बोलण्यापुढं गिरणी ऐकू यायची नाही, त्या गप्प बसल्या. दळण सोडून एकही उठून गेली नाही.

मी फीत लावली. चंद्रकलाचं बोलणं चालू असे तोवर खालचं काही कळत नव्हतं. तिचाच आवाज वरून पसरलेला. पण ती बोलता-बोलता थांबायची. पुष्कळ थांबायची. मी हेडफोन काढून विचारलं, एवढा वेळ गप्प काऊन बसल्या होत्या?

"सासू समोर बसून राहे न," ती म्हणाली. "तिच्यापुढं त्याईच्याशी काय बोलाचं? गुडघं दुखते सांगितलं की संपलं माझं." मग म्हणाली, "मले लय बोलाचं होतं, भाऊ. काहीच बोलली नाही मी."

त्या थांबण्यांत तो होता. बारीक, लांबून, विहिरीच्या तळातून बोलल्यासारखा. मी बारीक आवाज वर आणला, फितीचा सुसकारा कमी केला, एकेक जागा पुन्हा फिरवली. फीत टिकली. कुठं निम्मा शब्द, कुठं सबंध वाक्य. "ऊन लय आहे इथं." "मायले सांगजो." मग नुसता खोकला. आणि एका लांबलचक थांबण्यात, बहुधा म्हातारी पाणी प्यायला उठण्याची ती वाट पाहत बसली असेल, तिथं स्पष्ट, "आयकून राह्यली न चंद्रकला?"

मी हेडफोनची तार काढली आणि आवाज बाहेर सोडला.

छाया खुर्चीच्या दांडीला धरून उभी होती, खोकला आला तशी वळली आणि आईला म्हणाली, "बाबा खोकलून राह्यला."

बाहेर ज्वारीच्या डब्यांपाशी बसलेल्या बायांपैकी कोणीतरी पदर तोंडाला लावला. चंद्रकला तेव्हा रडली. मी उठून उगाच भिंतीवरचा एक रेडिओ काढला आणि त्याचे स्क्रू पाहत बसलो. माणसाला अशा वेळी कुठं बघावं ते कळत नाही.

ते सगळे तुकडे मी एका वेगळ्या कॅसेटवर एकापुढं एक उतरवून दिले. जुनी कॅसेटही तिच्या हाती दिली. दोन्हींच्या मागच्या कडेला प्लास्टिकच्या छोट्या टिकल्या असतात, त्या तिच्यासमोर मोडल्या. टिकली मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा कोणाला काही भरता येत नाही, टेपचं बटणच दाबलं जात नाही. हे मला कितीतरी वर्षं माहीत होतं. कोणाला सांगायची कधी वेळ आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं, "दुबईहून आलेल्या कॅसेटवर आपलं भरू नका. तिच्या मागची टिकली मोडा आणि पेटीत ठेवा. उत्तराला दुसरी कॅसेट पाठवा. ही एक वाटी परत केली नाही तरी चालेल." संध्याकाळी खाली कोणीतरी लिहिलं, "मग दुसऱ्या कॅसेटचा खर्च तुम्ही देता का?" दुसऱ्या कोणी लिहिलं, "माणूस गेल्यावर कळेल." ते अक्षर कोणाचं ते मला कळलं नाही. त्या आठवड्यात मी फळा पुसलाच नाही. बाया टिकली मोडून घ्यायला यायच्या, त्यांना ती स्वतः मोडायची भीती वाटायची. काही जणी आल्या नाहीत. रीत मोडणं टिकली मोडण्याइतकं सोपं नसतं.

चंद्रकला नंतर बाजाराला यायची. दुकानाकडं पाहून मान हलवायची आणि पुढं जायची. फळ्यावर काही लिहायची नाही. तिनं काही विचारण्यासारखं आता राहिलंही नव्हतं.

पुष्कळ महिन्यांनी हैदराबादहून पार्सल आलं. त्या व्यापाऱ्याला इतक्या उशिरा कशी आठवण झाली कोण जाणे. उघडलं तर नेमकं तिच्या टेपचं हेड, कागदात गुंडाळलेलं, नवं. मी ते टेबलावर ठेवलं. मला ते परत पाठवावंसंही वाटलं आणि फेकावंसंही. पण कबूल केलेलं काम होतं. बाजाराच्या दिवशी सकाळी रोजचं लिहून झाल्यावर फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात, ती जिथं लिहायची तिथं, मी लिहिलं, "हेड आलं."

दिवसभर गर्दी होती. गिरणी घरघरत होती, लोक नेहमीसारखे आत येऊन माझं डोकं खात होते. संध्याकाळी दुकान बंद करताना ओलं फडकं घेऊन फळा पुसायला बाहेर आलो. माझ्या दोन शब्दांखाली तीच मोठी, शिकाऊ अक्षरं होती.

"राहू द्या."

तेवढा कोपरा सोडून मी बाकीचा फळा पुसला.